डाव्या अंगाची आग

अ‍ॅनिमेच्या अभ्यासाकडे वळणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की सुरुवात कुठून करू? जाणकारांची उत्तरे ठरलेली असतात : मियाझाकी, ‘अकिरा’, फार तर सातोशी कोन. माझे उत्तर ऐकून काही जण हसतात. मी सांगतो, ‘माय हीरो अकॅडेमिया’चा दुसरा सीझन बघा. हो, तीच ती शाळकरी सुपरहीरोंची मालिका, जी घरातली मुले जेवताना ताटाकडे न पाहता बघत असतात.

पहिला सीझन का नाही, हेही सांगतो. कोहेइ होरिकोशी यांची मूळ चित्रकथा ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ अशी दहा वर्षे चालली. एकूण ४३० प्रकरणे झाली. बोन्स या स्टुडिओने केन्जी नागासाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ती पडद्यावर आणली. २०१६ चा पहिला सीझन अवघ्या तेरा भागांचा, म्हणजे जपानी टीव्हीच्या हिशेबात एक ‘कूर’, एक तिमाही. त्यात पात्रांची तोंडओळख होते न होते तोच गाशा गुंडाळावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबर २०१७ मधल्या दुसऱ्या सीझनला मात्र दोन कूर मिळाले, २५ भाग, आणि कथा जरा मांडी घालून बसली.

या जगात दर दहांतल्या आठ माणसांकडे काही ना काही अचाट शक्ती असते. त्यामुळे शक्ती असण्याचे कौतुक उरलेले नाही. ती वापरायला परवाना लागतो, परवान्यासाठी शिक्षण लागते आणि परवानाधारक हीरोला सरकारकडून पगार मिळतो. अमेरिकन सुपरहीरो मुखवटा लावून रात्री छपरांवरून फिरतो. हा हीरो प्रवेशपरीक्षा देतो. शाळेच्या नावातच होरिकोशींनी गंमत केली आहे. जपानीत नायकाला ‘एइयू’ म्हणतात. त्याची दोन चित्राक्षरे उलटसुलट केली की शाळेचे नाव होते, ‘यूएइ’.

आता ज्या शब्दासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला त्याकडे येतो. इंग्रजी अनुवादात या शक्तीला ‘क्वर्क’ म्हटले जाते, म्हणजे लहर, विक्षिप्तपणा. मूळ जपानी शब्द आहे ‘कोसेइ’, आणि तो रोजच्या वापरातला आहे. एखाद्याचे आगळेपण, त्याचा स्वतःचा असा बाज, असा त्याचा अर्थ. शाळेच्या संदर्भात तर या शब्दाला इतिहासही आहे. १९८४ ते १९८७ या काळात पंतप्रधान नाकासोने यांच्या पुढाकाराने नेमलेल्या शिक्षण परिषदेने ‘कोसेइ’ला महत्त्व देण्याचे तत्त्व मांडले, आणि पुढे शैक्षणिक धोरणाच्या भाषेत तो शब्द रुळला. प्रत्येक मुलाचे वेगळेपण जपा, असे सांगणारी व्यवस्था आणि त्याच मुलांना एका रांगेत उभे करणारी परीक्षा, या दोन्हींत वाढलेल्या प्रेक्षकाला ‘तुझी कोसेइ काय?’ हा प्रश्न कसा ऐकू येत असेल, याचा विचार करा. सबटायटलवर विसंबणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून नेमके हेच निसटते. म्हणून या क्षेत्रात येताना जपानी येत नसले तरी चालेल, पण दहा-वीस शब्द मुळातून समजून घ्यावेत.

सीझनचा पहिला अर्धा भाग शाळेच्या क्रीडामहोत्सवाचा. जपानी शाळांमध्ये ‘उन्दोकाइ’ हा सगळ्या गावाचा सोहळा असतो. आईवडील डबे घेऊन मैदानावर येतात. त्यातलाच ‘किबासेन’ हा खेळ इथे येतो. तिघे घोडा होतात, चौथा स्वार होतो आणि समोरच्या स्वाराच्या डोक्यावरची पट्टी हिसकावून घेतो. मालिकेत कपाळपट्ट्यांवर गुण लिहिलेले आहेत आणि अडथळ्यांच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या नायकाच्या, मिदोरियाच्या पट्टीवर एकदम एक कोटी. पहिला येण्याची शिक्षा म्हणतात ती ही! त्यानंतरची एकास-एक झुंज ‘जम्प’च्या वाचकांच्या ओळखीची, ‘ड्रॅगन बॉल’मध्येही पाहिलेली. मुलींना फसवून चीअरलीडरचा पोशाख घालायला लावण्याचा विनोद मात्र मला तेव्हाही रुचला नव्हता, आजही रुचत नाही. तो नजरेआड करू नका, अभ्यासाचाच भाग समजा. आणि त्याच स्पर्धेतली उराराका आणि बाकुगो या वर्गसोबत्यांची लढतही बघा. तिथे प्रेक्षक ‘मुलीला काय मारतोस’ म्हणून बाकुगोची हुर्यो उडवतात. तो तिला कच्ची समजत नाही म्हणूनच पूर्ण जोर लावतो आहे, हे आइझावा मास्तर माइकवरून सगळ्यांना खडसावून सांगतात.

पण खरा ऐवज दहाव्या भागात आहे. त्याच वर्गातल्या तोदोरोकीच्या उजव्या अंगात बर्फ, डाव्यात आग. आग बापाची. बापाने आपल्याहून वरचढ वारस हवा म्हणून हिशेबाने लग्न केलेले. त्या घरात मन विस्कटलेल्या आईने पोराच्या चेहऱ्यावर, डाव्या बाजूला, उकळते पाणी ओतलेले. म्हणून तो डावे अंग वापरतच नाही. समोर मिदोरिया. त्याने एक बोट टिचकीसारखे उडवले की बर्फाची लाट फुटते आणि बोटही मोडते. एक लाट, एक बोट. बोटे संपली तरी तो तीच मोडलेली बोटे पुन्हा वापरतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा आवाज बंद करून फक्त हात बघा. थंडीने तोदोरोकी कापतो आहे हे मिदोरियाच्या लक्षात येते, आणि तो ओरडून सांगतो की ती आग बापाची नाही, तुझी आहे. अखेर आग पेटते. गारठलेली हवा एकदम तापून फुगते आणि मैदान फुटते. हा भाग गाजला तो युताका नाकामुरा यांच्या चित्रणामुळे. त्यांच्या स्फोटांत दगडधोंड्यांचे चौकोनी ठोकळे उडतात, आणि चाहत्यांनी त्या ठोकळ्यांना त्यांच्या नावावरून नावही ठेवले आहे.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मिदोरिया जन्मतः शक्तिहीन. त्याची शक्तीही ऑल माइट या हीरोने दिलेली, म्हणजे उसनीच. दुसऱ्याला ‘ही तुझीच’ असे सांगताना तो ते स्वतःलाही बजावत असतो, असे मला वाटते. आणि आग एकदा पेटली म्हणून प्रश्न सुटत नाही. अंतिम सामन्यात तोदोरोकी ती पुन्हा विझवतो, हरतो, आणि फुकट मिळालेल्या विजयाने चिडलेल्या बाकुगोला जखडून, तोंड बांधून विजयमंचावर उभे करावे लागते.

उत्तरार्धात स्टेन येतो, पैसा आणि प्रसिद्धीमागे लागलेल्या हीरोंना टिपणारा. त्याच्याबद्दल खूप लिहिले गेले आहे, मी भर घालत नाही. शेवटच्या परीक्षेचे भाग कमी-जास्त आहेत. घाई असेल तर त्यांतले दोनच बघा.

पण त्याआधीचा नावे निवडण्याचा तास चुकवू नका. वरवर तो विनोदी आहे. बाकुगोची रक्तपिपासू नावे लागोपाठ नाकारली जातात. मिदोरिया लिहितो ‘देकू’, म्हणजे लाकडी बाहुला. लहानपणापासून चिडवायला वापरलेली शिवीच तो उचलतो. तोदोरोकी बापाचे आडनाव वगळून नुसते ‘शोतो’ लिहितो. त्यांचा वर्गमित्र इइदा याचा थोरला भाऊ इस्पितळात आहे, त्याने आपले हीरोचे नाव धाकट्याला देऊ केले आहे. पाटीसमोर इइदा थबकतो. शेवटी लिहितो : तेन्या. स्वतःचेच नाव.