वजन घटवणारी इंजेक्शने: सुरू करण्याआधी, चालू असताना आणि थांबवल्यावर

आठवड्यातून एकदा पोटावर कातडीखाली टोचायचे इंजेक्शन आणि वर्ष-दीड वर्षात दहा-पंधरा किलो वजन कमी, असे आजकाल सगळीकडे ऐकू येते. महाड-पोलादपूरकडच्या घरांत ही बातमी बऱ्याचदा मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून येते आणि लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, “हे आळशी माणसाचे काम. तोंडावर ताबा ठेवला तर औषध कशाला?” दुसरी म्हणते, “चालून झाले, उपाशी राहून झाले, वजन हलत नाही. इंजेक्शनच बरे.”

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण रुग्णाच्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. ही औषधे घेत असेपर्यंतच काम करतात. म्हणून ती सुरू करण्याआधीच पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करावा लागतो.

ही औषधे कोणती आणि काम कसे करतात?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि साखर वाढली की इन्सुलिन सोडायला मदत करते. सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकासारखे काम करते. टिर्झेपेटाइड दोन संप्रेरकांचे काम करते.

भारतात टिर्झेपेटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडची मधुमेहासाठीची गोळी २०२२ पासूनच मिळत होती. ही सगळी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची आहेत.

वजन किती कमी होते?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के कमी झाले. नुसते पाणी टोचलेल्यांचे २.४ टक्के कमी झाले. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना दिलेला होता. टिर्झेपेटाइडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वांत मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट दिसली. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे वजन अनुक्रमे १२ आणि १६-१७ किलोंनी उतरले. हे सरासरी आकडे आहेत. काहींचे याहून जास्त उतरते, काहींचे फारच थोडे.

फायदा नुसत्या काट्यावरचा नाही. आधीपासून हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक लोकांवरील अभ्यासात सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे याला ‘श्रीमंतांचे सौंदर्यप्रसाधन’ म्हणणे चूक ठरेल.

थांबवल्यावर काय होते?

सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचे घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन एका वर्षात परत आले. टिर्झेपेटाइडच्या चाचणीतही ३६ आठवड्यांनी औषध काढून घेतलेल्यांचे वजन पुन्हा चढले, चालू ठेवलेल्यांचे आणखी उतरले.

यात रुग्णाचा दोष शोधू नका. वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला पाहते. भूक वाढते, शरीर कमी ऊर्जा खर्च करते. औषध ही भूक दाबून ठेवते आणि औषध गेले की ती परत येते. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब चढतो, तसेच हे आहे.

मग ‘मनावर घेतले की होते’ हे खरे नाही का?

महाराष्ट्रात या वादाला जुनी पार्श्वभूमी आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी मात्र घरचे, स्थानिक अन्न थोड्या थोड्या वेळाने खाण्यावर भर दिला. घराघरात ‘दीक्षित की दिवेकर’ अशी चर्चा रंगली. त्यात एक गोष्ट मागे राहिली: कोणतीही पद्धत वर्षानुवर्षे टिकली तरच उपयोगी पडते.

जीवनशैली बदलण्याचा उपयोग होतो, याचा भक्कम पुरावा आहे. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे लक्ष्य दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा बरेचसे वजन परत आले होते, तरी मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होते.

म्हणजे चालणे-जेवणे सुधारून काट्यावर पाच-सहा किलोच उतरले, तरी तो प्रयत्न वाया जात नाही. पण वजन खूप जास्त असेल, गुडघे गेले असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेवढ्याने भागत नाही आणि औषधाची गरज पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मधील मार्गदर्शनात या औषधांच्या दीर्घकालीन वापराला अटींसह मान्यता दिली आणि सोबत आहार-व्यायामाचा नियमित पाठपुरावा असावा असे सुचवले.

तुम्हाला या औषधाची गरज आहे का?

वजनासाठी ही औषधे साधारणपणे बीएमआय ३० किंवा जास्त असल्यास, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखा त्रास असल्यास देतात. उंची १६० सेंटिमीटर असेल तर २७ म्हणजे सुमारे ६९ किलो आणि ३० म्हणजे सुमारे ७७ किलो. लग्नाआधी चार किलो उतरवायला हे औषध नाही.

भारतीयांसाठी नुसता बीएमआय पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी, अशी आपली ठेवण असते. म्हणून कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर काटा काहीही सांगो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तिशीनंतरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. गावातल्या आशाताईंना विचारा.

“आम्ही तर शेतात राबणारी माणसे” असेही ऐकू येते. लावणी आणि कापणीच्या दिवसांत ते खरे असते. पण उरलेले महिने दुकानात, रिक्षात किंवा एमआयडीसीतल्या पाळीत बसून जातात आणि ताटातला भात मात्र लावणीच्या दिवसांइतकाच राहतो.

कोणी घेऊ नये, कोणी जपून घ्यावे?

- स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर घेऊ नये.
- गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर घेऊ नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधनही वापरावे.
- पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी सांगा.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. त्यांचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. दोन वेळच्या जेवणाची पद्धत किंवा कडक उपवास करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.
- जुना मधुमेह असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.
- शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगा.

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास बऱ्याच जणांना होतात, विशेषतः डोस वाढवताना. म्हणून डोस कमीपासून सुरू करून हळूहळू चढवतात. घाई करू नका.

औषध चालू असताना ताटात काय हवे?

भूक कमी झाली की माणूस दोन घास खाऊन उठतो. मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. चाचण्यांत घटलेल्या वजनाचा एक-चतुर्थांश ते ४० टक्के भाग चरबीव्यतिरिक्तचा, म्हणजे स्नायू वगैरेंचा, आढळला आहे. साठीच्या पुढच्या माणसाला हे महागात पडते. वजन उतरते, पण जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. औषध थांबवल्यावर जे वजन परत येते, त्यात मुख्यतः चरबी असते.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. जेवताना आधी प्रथिने खा: कुळथाचे पिठले, वालाची किंवा मसुराची उसळ, अंडी, मासे, ताक. भात त्यानंतर. सुकट आणि सुके बोंबील प्रथिनांनी भरलेले असतात, पण त्यांत मीठ फार. रक्तदाब असेल तर चांगले भिजवून, धुऊन, बेताने घ्या. एका वेळची तांदळाची भाकरी नाचणीची करता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

स्नायूंना काम द्या. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोन-तीनदा. भिंतीला हात टेकून जोर मारा. रोज अर्धा तास चाला. पावसाळ्यात रस्ता धड नसेल तर पडवीत किंवा घरातल्या घरात चाला. या सवयी औषधाच्या जोरावर भूक शांत असतानाच लागल्या पाहिजेत. नंतर भूक परत आल्यावर त्या लावणे फार अवघड जाते.

साठवण आणि चुकलेला डोस

न उघडलेले इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेले औषध टाकून द्यावे लागते. बाहेर किती दिवस चालते ते पाकिटावर छापलेले असते, पण तेही ३० अंशांच्या आत. महाडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा नियम घरात पाळणे कठीण आहे. मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत, एसटीच्या खिडकीशी ठेवून औषध आणू नका. थंड पिशवी वापरा. पावसात वीज जाते, घाट बंद होतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरच पाण्याखाली गेले होते. जून ते सप्टेंबरात एखादा डोस चुकू शकतो, हे गृहीत धरा.

टिर्झेपेटाइडचा डोस चुकल्यास चार दिवसांच्या आत घेता येतो, त्यानंतर तो सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. वेगोव्हीचा पुढचा डोस दोन दिवसांहून जास्त लांब असेल तरच चुकलेला घ्या. ओळीने दोन किंवा जास्त डोस चुकले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्याच मोठ्या डोसने सुरू करू नका.

खर्चाचा हिशेब

मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. बाटली एका आठवड्याची, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की इतर कंपन्यांनाही तेच औषध बनवता येते आणि स्पर्धेने किंमत उतरते. आजचा भाव औषधाच्या दुकानात विचारा, त्याला २४ महिन्यांनी गुणा आणि मग घरात बोला. मुलाने मुंबईहून पाठवलेल्या पैशांवर चार महिने औषध घेऊन बंद करण्यापेक्षा, तेच पैसे साखर-रक्तदाबाच्या नियमित गोळ्या, तपासण्या आणि चांगल्या जेवणावर खर्च करणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

औषध बिल घेऊनच घ्या. दुसऱ्याचे पेन वापरू नका. सुई बदलली तरी आजार पसरू शकतो.

डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्या आजारांत या औषधाने वजनाशिवाय आणखी काय सुधारेल?
२. माझ्या चालू गोळ्यांपैकी कोणत्या कमी कराव्या लागतील?
३. किती महिन्यांत परिणाम दिसला नाही तर थांबायचे?
४. पैसे किंवा पुरवठा थांबला तर औषध कसे बंद करायचे, आणि त्यानंतर वजन, साखर कधी तपासायची?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिले इंजेक्शन घेऊ नका.

ताबडतोब रुग्णालयात जा

पोटात तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, डोळे पिवळे दिसत असतील, अचानक अंधुक दिसू लागले, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले, तर वाट पाहू नका. साखर उतरल्याची शंका असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि मग निघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट जवळच्या रुग्णालयात न्या. पोलादपूरच्या आतल्या गावातून निघायला वेळ लागतो, म्हणून १०८ ला फोन लवकर करा आणि औषधाचे पाकीट सोबत न्या.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमचा डोस आणि निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.