वायँडॉट गुहेची भिंत

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या दक्षिणेस, ओहायो नदीजवळच्या चुनखडकाच्या मुलुखात वायँडॉट नावाची जी विस्तीर्ण गुहा आहे, तिच्यापासून मनुष्याच्या अपेक्षा वारंवार पालटल्या. तिच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे वटवाघळांनी, मात्र तिच्याकडे थंडीवाचून दुसरे काही मागितले नाही. १८१२ च्या युद्धात बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याची निकड भासली, तेव्हा अशा गुहांतील माती लाकडी पिंपांत भरून तीवर पाणी ओतीत, तळाशी झिरपलेल्या पाण्यात लाकडाची राख कालवीत आणि ते कढवून सोऱ्याचे खडे काढीत. युद्धाबरोबर तो धंदा ओसरला. १८१९ मध्ये जमीन रॉथरॉक कुटुंबाच्या कबजात गेली आणि शतकाच्या मध्यास प्रेक्षकांची रीघ सुरू झाली.

१९२८ मध्ये मिलर व अ‍ॅलन या प्राणिशास्त्रज्ञांनी याच गुहेतील नमुन्यावरून इंडियाना वटवाघळाची स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली. वजनाने जेमतेम सात-आठ ग्रॅमचा हा जीव उन्हाळा वठलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली काढतो आणि हिवाळ्यात गुहेच्या छतास असा दाटीने लटकतो, की एका चौरस फुटात तीनशेपर्यंत देह मावावेत. शरदात साठविलेली चरबी त्यास वसंतापर्यंत पुरवावयाची असते. हवा गोठणबिंदूच्या थोडी वर राहिली तरच ती पुरते, ऊब वाढली की शिधा अकाली सरतो.

१९५४ मध्ये गुहेच्या तोंडाशी दगडी भिंत उभी राहिली. ती उभारणाऱ्यांच्या मनात या प्राण्याविषयी आकस असेल असे मी मानीत नाही. पण हिवाळ्यातील जड, थंड हवेचा आत येण्याचा मार्ग त्या भिंतीने अडविला, गुहा उबदार झाली आणि वटवाघळांची संख्या झपाट्याने घटली. शिकारीने वा विषाने जे व्हावे ते येथे गवंडीकामाने झाले, आणि म्हणूनच हे प्रकरण मला विशेष क्लेशदायक वाटते. पुढे १९६६ मध्ये गुहा राज्य सरकारकडे आली, १९६७ मध्ये ही जाती संकटग्रस्त म्हणून सरकारी यादीत दाखल झाली आणि १९७७ मध्ये भिंत काढताच थंडी परतली व वसाहत अनेक पटींनी वाढली.

तथापि २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळलेल्या, नाकावर पांढरी बुरशी आणणाऱ्या रोगाने नवे संकट उभे केले. कारण ज्या थंडीत हा प्राणी तगतो, तीच त्या बुरशीसही मानवते. संसर्गाच्या भयाने २००९ मध्ये बंद केलेली गुहा २०१६ मध्ये पुन्हा उघडली, ती उन्हाळ्यापुरतीच. हिवाळ्यात तेथे प्रेक्षकांस मज्जाव आहे.