अक्षय्य समुद्राचें गणित

समुद्र आटत नाहीं, मग त्यांतील मासे तरी कां आटावेत? ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. 1883 सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत टॉमस हक्स्ले यांच्यासारख्या प्राणिशास्त्रज्ञानें कॉड, हेरिंग इत्यादि माशांचे सांठे बहुधा अक्षय्य आहेत, असें मत दिलें. तें त्या काळच्या साधनांपुरतें होतें, ही मर्यादा मात्र ऐकणारे सोयीस्करपणें विसरले. पुढें पहिल्या महायुद्धामुळें उत्तर समुद्रांतील मासेमारी बरीच थांबली आणि युद्धानंतर जाळीं जड येऊं लागलीं, तेव्हां समुद्रालाही विसावा लागतो हें उघड झालें.

परंतु मासे घटत असतां मच्छिमार थांबत कां नाहीं? याचें उत्तर कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनीं 1954 सालीं दिलें. शेताला धनी असतो, समुद्राला नसतो. आज मीं सोडलेला मासा उद्यां शेजाऱ्याच्या जाळ्यांत जाणार! म्हणून नफा दिसे तोंवर नवी होडी येतच राहते. अखेर एकूण खर्च एकूण उत्पन्नाला गांठतो आणि समुद्राची देणगी कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. डेन्मार्कच्या येन्स वॉर्मिंग यांनीं हाच विचार 1911 सालीं मांडला होता, पण डॅनिश भाषेंत. तो वाचतो कोण? (मराठींत लिहिणारांस या गृहस्थाविषयीं सहानुभूति वाटावी हें साहजिक आहे.)

मिल्नर शेफर यांच्या समीकरणानें या विचाराला माशांच्या वाढीची जोड मिळाली. सांठा अगदीं थोडा असतां वाढ थोडी, समुद्र भरलेला असतांही थोडी. मधल्या अवस्थेंत ती सर्वांत अधिक. मग धनी नेमला कीं झालें, असें कोणी म्हणेल. पण 1973 सालीं कॉलिन क्लार्क यांनीं दाखविलें कीं, देवमाशासारखा प्राणी व्याजाच्या दराहून मंद वाढत असेल, तर एकटा धनीसुद्धां सगळे मारून पैसा पेढींत ठेवणेंच फायद्याचें मानील. मला तर या शास्त्रांतील हाच सिद्धान्त सर्वांत भयंकर वाटतो.

गणित हातीं असूनही घात कसा होतो, तें न्यूफाउंडलंडनें पाहिलें. तेथें 1968 सालीं सुमारें 8 लक्ष टन कॉड पकडला गेला. 1977 सालीं कॅनडानें 200 सागरी मैलांची हद्द आंखून परकी जहाजें दूर केलीं. परंतु सांठ्याचा अंदाज मोठ्या ट्रॉलरांच्या भरघोस पकडीवरून काढल्यामुळें फुगलेला होता. उरलेले मासे एकत्र गोळा होत आणि सुधारलेलीं जहाजें त्यांना नेमकीं गांठीत. मासे कमी व लहान येतात, अशी किनाऱ्यावरच्या लहान मच्छिमारांची ओरड होती. ती कोष्टकांत बसेना. 2 जुलै 1992 रोजीं मासेमारी बंद झाली व सुमारें 30,000 माणसांचा रोजगार गेला. बंदी जाहीर झाली ती दोन वर्षांची म्हणून. ती उठली 2024 सालीं.