रोमन लोकांची पादत्राणे

माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. स्मरणिकेसाठी लेख द्या असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा मी काय लिहिणार असे मला वाटले. पण वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात प्राचीन रोममधील पादत्राणांविषयी वाचले होते, ते मनात राहून गेले. तेच सांगते.

रोमन माणसाची योग्यता त्याच्या पायांवरून कळे. नागरिक घराबाहेर पडताना अंगावर टोगा घेई आणि पायांत ‘कॅल्सिअस’ नावाचा बंद जोडा घाली. उमराव घराण्यातील सिनेटरांच्या जोड्यावर हस्तिदंती चंद्रकोर असे. शिपायांच्या ‘कॅलिगा’ला तळाशी लोखंडी खिळे ठोकलेले असत. छावणीत शिपायांसारखा पोशाख करून हिंडणाऱ्या एका लहानग्याला सैनिक लाडाने ‘कॅलिग्युला’, म्हणजे छोटा बूट, म्हणू लागले. इ. स. 37 मध्ये तो सम्राट झाला, तरी ते नाव काही सुटले नाही!

घरात ते सपाता वापरीत आणि जेवताना त्या काढून ठेवीत. पाहुण्याने सपाता मागितल्या की तो निघाला असे समजावे. हे वाचून मला आपलीच माणसे भेटल्यासारखे वाटले.

इ. स. 301 मध्ये डायोक्लेशन बादशहाने महागाई आवरण्यासाठी जिनसांचे कमाल भाव ठरवून दिले. त्यात उमरावी जोडा 150 डेनारी, खेचरे हाकणाऱ्यांचे बूट 120, आणि बायकांचे 60! यादीतही आपण खालीच.

पण पुढची हकीकत मला फार मोलाची वाटते. ब्रिटनच्या उत्तरेस विंडोलँडा नावाचे रोमन लष्करी ठाणे होते. तेथील ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत कातडे कुजले नाही. उत्खननात 5,000 हून अधिक पादत्राणे निघाली. त्या काळी साध्या शिपायांना नोकरीत असताना कायद्याने लग्न करता येत नसे. म्हणजे ठाण्यात सारे पुरुषच, असे कोणालाही वाटेल. पण त्या ढिगात बायकांच्या आणि तान्ह्या मुलांच्या पायांचे जोडेही होते. कायद्याने ज्यांना मोजले नाही, त्यांची साक्ष त्यांच्या वहाणांनी दिली.

नवी नवरी म्हणून मी या वस्तीत आले, तेव्हा हळदीकुंकवाला जाताना माझी शिवून घेतलेली चप्पल खांबामागे लपवून ठेवीत असे. सगळ्यांच्या चकचकीत चपलांत ती दिसू नये, एवढीच धडपड. आता मात्र मंडळाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला की मला त्या विंडोलँडाच्या बायका आठवतात. मी माझी चप्पल सर्वांच्या चपलांतच काढते. आम्हीही येथे होतो, एवढे तिने सांगितले तरी पुष्कळ झाले.