नोय्यलकाठचा पाण्याचा हिशोब

तमिळनाडूतील तिरुपूर हे नोय्यल नदीकाठचे होजिअरीचे शहर. येथील व्यापार रंगाईवर आणि रंगाई पाण्यावर अवलंबून. परंतु रंगाईच्या सांडपाण्यानेच नोय्यल नासली, विहिरी खारावल्या, आणि कारखानदारांवर आसपासच्या खेड्यांतून टँकरने पाणी विकत आणण्याची पाळी आली. सामान्य नागरिकही त्याच टंचाईत होरपळत होता.

यातून मार्ग काढण्यासाठी १९९५ साली शासन व उद्योजक यांच्या सहभागाने एक कंपनी स्थापन झाली. भवानी नदीतून रोज १८ कोटी ५० लक्ष लिटर पाणी आणण्याची तिची योजना २००५ मध्ये कार्यान्वित झाली. खर्च सुमारे एक हजार कोटींचा. त्याची वाटणी दरपत्रकातच होती : कारखान्यांस हजार लिटरला सुमारे ४५ रुपये, नगरपालिकेस सुमारे ५. नागरिकाच्या घागरीचा भार रंगाईच्या हौदाने उचलावा, असा हा संकेत. ज्याची ऐपत मोठी आणि ज्याने पाणी नासविले, त्याने अधिक द्यावे, हे न्याय्यच होय.

तथापि, नदीच्या खालच्या अंगाचे शेतकरी न्याय मागतच होते. २००६ साली मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली. ती न पाळली गेल्यामुळे जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे सातशेहून अधिक कारखाने बंद करण्याचा आदेश निघाला. नदीस दिलासा मिळाला. परंतु कंपनीचा मोठा ग्राहक एकाएकी थांबला. नळ, पंप आणि कर्जावरील व्याज मात्र थांबले नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? कंपनीस कर्जाची फेरबांधणी करावी लागली.

वस्तुतः अशा योजनेत दोन खर्च असतात : एक वापरलेल्या पाण्याचा, दुसरा राखून ठेवलेल्या क्षमतेचा. पहिला मीटरवर मोजता येतो. दुसरा ग्राहक निघून गेला तरी मागे उरतो. मोठ्या कारखान्यासाठी रुंद नळ टाकावयाचा, तर त्या रुंदीची किंमत त्याने पाणी घेवो वा न घेवो, भरावीच, अशी अट करारात हवी. अन्यथा ती किंमत कालांतराने त्याच गृहिणीच्या पाणीपट्टीत उतरते, जिला स्वस्त पाण्याचे आश्वासन दिलेले असते. अशा कराराचे कागद ज्यांच्या मेजावर येतात, त्यांनी दरापूर्वी ही अट वाचावी.