सुरुंगाच्या देशातले चार सैनिक

लढाई संपली की सैनिक घरी परततो. जमिनीत पुरलेला सुरुंग मात्र तिथेच राहतो. त्याला तह कळत नाही. कंबोडिया हा आपल्या कोकणासारखा भात पिकवणारा देश. तिथे १९७९ साली ख्मेर रूज राजवट कोसळली, तरी थायलंडच्या सरहद्दीकडे लढाई चालूच राहिली. १९९१ साली पॅरिसला तह झाला, तोवर सगळ्याच पक्षांनी सुरुंग पेरून ठेवलेले. मग गुरे वळणारे पोर म्हणा, सरपणाला गेलेली बाई म्हणा, कुणाचा पाय कधी जाईल याचा नेम उरला नाही.

अशा देशात अपंगाच्या वाट्याला काय येते? फार तर कीव आणि ओंजळभर तांदूळ. आधी देश सावरू दे, मग तुमचे पाहू, असेच त्याला सांगतात.

पण राजधानीजवळ अपंगांना हातकाम शिकवणारे एक केंद्र निघाले होते. तिथले चार माजी सैनिक चार वेगवेगळ्या फौजांतले! एकेकाळी एकमेकांसाठी सुरुंग पुरणारे हे चौघे एकत्र बसले आणि त्यांनी जगाला पत्र लिहिले. मागणे साधे होते : सुरुंग बनवू नका, पेरू नका, पेरलेले काढा, आणि जखमींना उभे राहायला साहाय्य करा.

१९८२ साली दोन्ही पाय गमावलेले तुन चन्नारेथ हे याच मोहिमेतले. १९९७ साली सुरुंगबंदीच्या मोहिमेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते स्वीकारायला ओस्लोत चाकाच्या खुर्चीवरून तेही गेले. त्याच डिसेंबरात ओटावा करारावर सह्या झाल्या. जखमींचे पुनर्वसन हा त्यात उपकार राहिला नाही, कलम झाले.

पुढे २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार केला. त्याचे अकरावे कलम सांगते, की युद्धात आणि नैसर्गिक आपत्तीतही अपंगांचे रक्षण झालेच पाहिजे. म्हणजे 'आधी देश सावरू दे' ही सबब संपली. कंबोडियाने २००९ साली स्वतःचा कायदा केला.

भारतानेही हा करार मानला. आपल्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या आपत्ती यंत्रणेने अपंगांची नोंद ठेवायची असते. तेव्हा गुरुजी, पावसाळ्यापूर्वी एकदा विचारून पाहा : नदीकाठच्या वस्तीतल्या त्या न चालणाऱ्या मुलाचे नाव यादीत आहे ना? आणि पूर आला, तर त्याला उचलून आणायला कोण जाणार, हे ठरले आहे ना?