बारा नंबरचं गुदाम

बैरूतचा स्फोट आपण सगळ्यांनीच मोबाईलवर पाहिला. ४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळी सहा वाजून गेलेले. आधी धूर, मग फटाक्यांसारखे तडतडाट आणि मग तो पांढरा घुमट. दोनशेहून जास्त माणसं गेली, सहा हजारांवर जखमी झाली, सुमारे तीन लाख बेघर. हे सगळं एका क्षणात झालं असं आपण म्हणतो खरं, पण मला विचाराल तर हा स्फोट व्हायला जवळजवळ सात वर्षं लागली. आणि त्या सात वर्षांची गोष्ट स्फोटाइतकी कुणी पाहिली नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. होते ते फक्त कागद!

तर झालं असं. 'रोसुस' नावाचं एक जुनं मालवाहू जहाज होतं. १९८६ साली जपानमध्ये बांधलेलं, लांबी जेमतेम ८६ मीटर. चालवणारा सायप्रसमध्ये राहणारा रशियन व्यापारी आणि झेंडा मोल्दोव्हाचा. (मोल्दोव्हाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. पण नोंदणी स्वस्त आणि चौकशा कमी असल्या की किनारा लागतो कशाला?) सप्टेंबर २०१३ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी बंदरातून ते २७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन निघालं. माल जायचा होता मोझांबिकला, स्फोटकं बनवणाऱ्या एका कारखान्याकडे. टनाटनाच्या मोठ्या पिशव्या होत्या आणि त्यांवर 'नायट्रोप्रिल' असं ठळक छापलेलं.

अमोनियम नायट्रेट म्हणजे मुळात खत. पांढरे दाणे, दिसायला साबुदाण्यासारखे. नुसतं ठेवलं तर ते आपणहून उडत नाही. पण मोठा ढीग, बंदिस्त जागा, त्यात मिसळलेली काही इतर द्रव्यं आणि वर आग, हे सगळं जुळून आलं की काय होतं ते जगाला बैरूतच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९४७ साली टेक्सास सिटीच्या बंदरात 'ग्रांकां' नावाच्या बोटीवर याच मालाला आग लागली. पाणी मारलं तर माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली गेली. त्या स्फोटात ५००हून अधिक माणसं मेली.

पुन्हा रोसुसकडे येऊ. सुएझ कालव्याचं भाडं भरायला मालकाकडे पैसे नव्हते म्हणे. तेव्हा बैरूतला थांबून अजून थोडा माल घ्यायचा, अवजड यंत्रं डेकवर चढवून जॉर्डनला पोचवायची आणि त्या भाड्यात पुढचा प्रवास करायचा असं ठरलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये जहाज बैरूतला लागलं. यंत्र चढवायला घेतलं तर डेकवरची झाकणंच वाकायला लागली, इतकी ती गंजलेली. बंदराच्या तपासनिसांनी पाहणी केली आणि हे जहाज समुद्रात जायच्या लायकीचं नाही म्हणून त्याला निघायला बंदी केली. ज्यांची देणी थकली होती ते कोर्टात गेले आणि जहाज जप्त झालं.

इथे जरा थांबतो, कारण मला ही जहाजजप्ती फार मजेशीर वाटते. सागरी कायद्यात आरोपी जहाज असतं, मालक नव्हे! त्याला चक्क 'अटक' होते. आपलं मुंबई उच्च न्यायालयही अशा अटका करत असतं. पूर्वापार रीत म्हणजे हुकमाचा कागद डोलकाठीला चिकटवायचा. कल्पना साधी आहे. मालक कुठे का असेना, त्याचा जीव जहाजात अडकलेला असतो, तेव्हा तो धावत येईल आणि देणी फेडून ते सोडवून नेईल. पण जहाजाची किंमत देण्यापेक्षाही कमी असेल तर? मग मालक हात झटकून मोकळा आणि भंगार बंदराच्या गळ्यात.

अगदी तेच झालं. बाकीचे खलाशी घरी गेले, पण कप्तान आणि आणखी तिघांना जहाज सोडायची परवानगी मिळेना. पगार नाही, धान्य संपत आलेलं आणि खालच्या खोल्यांमध्ये तो माल. जहाजाला गळती होती, रोज पाणी उपसावं लागे. शेवटी कप्तानाने जहाजातलं इंधन विकून वकील केला आणि २०१४च्या उत्तरार्धात ते सुटले. मला या चौघांबद्दल फार वाटतं. आजही मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या फार मोठी असते.

माल ऑक्टोबर २०१४ मध्ये उतरवून बंदरातल्या १२ नंबरच्या गुदामात रचला. शेजारी धान्याच्या प्रचंड कोठ्या आणि पलीकडे वस्ती. पाणी उपसायला कुणी न उरलेलं रोसुस फेब्रुवारी २०१८ मध्ये बंदरातच बुडालं. स्फोटानंतर पत्रकारांनी उपग्रहाच्या चित्रांवरून सांगाड्याची जागा शोधून काढली, तोवर बाहेर कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि आता कागद. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात न्यायालयाला निदान सहा वेळा लिहिलं. माल परदेशी पाठवा, लष्कराला द्या, नाहीतर स्फोटकांच्या खाजगी कंपनीला विका, पण इथून हलवा. हललं काही नाही. जुलै २०२० मध्ये सुरक्षा यंत्रणेचा इशारा थेट राष्ट्रपती आणि पंतप्रधानांपर्यंत पोचला होता. म्हणजे अगदी वरपर्यंत माहीत होतं! कुणाला माहीत नसल्याने झालेले अपघात मी समजू शकतो. पण इथे प्रत्येकाने आपलं पत्र लिहून, जावक क्रमांक टाकून, आपापला हात धुऊन घेतला होता. गुदामाच्या दाराचं वेल्डिंग त्याच दिवशी झालं होतं आणि आत फटाकेही होते. आग नेमकी कशाने लागली हे मात्र सिद्ध झालेलं नाही. विझवायला गेलेल्या अग्निशमन पथकातले दहा जण परत आले नाहीत.

हे वाचताना मुंबईकराला १४ एप्रिल १९४४ आठवणारच. व्हिक्टोरिया गोदीतली 'फोर्ट स्टिकिन', तिच्यात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी! त्यातही ६६ अग्निशामक गेले. म्हणून तर १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन दिन असतो. पण तिथे निदान युद्धाची घाई होती. बैरूतला घाई कुठे होती? उलट वेळच वेळ होता.

बैरूतनंतर आठवड्याच्या आत आपल्याकडेही शोधाशोध झाली. चेन्नईजवळ २०१५ साली कस्टमने जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट कंटेनरांत तसंच पडून होतं, पाच वर्षं. ऑगस्ट २०२० मध्येच त्याचा लिलाव उरकून ते हैदराबादकडे रवाना झालं. म्हणजे मनात आलं तर काही दिवसांत होतं!

लेबनॉनमधला तपास मात्र रखडत राहिला. पहिल्या न्यायाधीशांना फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजूला केलं. दुसऱ्यांच्या कामाला पुढाऱ्यांनी अर्जांवर अर्ज करून पुन्हा पुन्हा खीळ घातली. त्या कोठ्यांनी स्फोटाचा मार झेलून शहराचा पश्चिम भाग थोडाफार वाचवला होता. त्यांच्यात अडकलेलं धान्य आंबत गेलं आणि जुलै २०२२ मध्ये ते आपोआप पेटलं. काही आठवडे आतून धुमसल्यावर कोठ्या ढासळायला लागल्या. ३१ जुलैला काही पडल्या आणि आणखी काही ४ ऑगस्टला, मृतांचे नातेवाईक दुसऱ्या वर्षश्राद्धासाठी जवळच जमले होते तेव्हा.